रेवदंड्याची बिजागरी

सोलापूरकडच्या मैंदर्गी गावात घरात कन्नड आणि शाळेत मराठी, असंच आमचं सगळ्यांचं बालपण गेलं. गावाच्या वेशीला आई ‘अगसी’ म्हणायची आणि गुरुजी ‘वेस’. वेस एकच, पण आत शिरताना एक शब्द आणि बाहेर पडताना दुसरा. म्हणूनच की काय, कुठलाही तटबंदीचा गाव पाहायला गेलो की मी आधी दरवाजापाशी थांबतो आणि तिथले लोक त्याला काय म्हणतात ते ऐकतो.

रेवदंडा हे युरोपीय पद्धतीनं वसवलेलं तटबंदीचं नगर. अलिबागच्या दक्षिणेला, कुंडलिकेच्या मुखाशी. पोर्तुगिजांनी १५१६ मध्ये इथं वखार घातली आणि १५२१ मध्ये बुऱ्हाण निजामशहाच्या परवानगीनं कोट बांधायला घेतला. जुनं चौल बंदर शेजारीच, त्याच्या कितीतरी आधीपासून नांदतं. वसईचा किल्ला मोठा, त्याचं नावही मोठं. चिमाजीअप्पांमुळे तो आपल्या पाठ्यपुस्तकात गेला. रेवदंडा मात्र पुस्तकातून निसटला. मला तोच अधिक आवडतो, कारण वसईचा कोट आज पाहायचा आहे आणि रेवदंड्याचा राहायचा. तटाच्या आत आजही गाव आहे. नारळी-पोफळीच्या वाड्या, विहिरी, अंगणातली तुळस, वाळत घातलेले कपडे आणि या सगळ्याच्या मागं, एखाद्या म्हाताऱ्या सासऱ्यासारखी गप्प बसलेली काळ्या दगडाची भिंत.

दरवाजावर पोर्तुगालचं राजचिन्ह कोरलेलं आहे. ते नीट वाचावं. मध्ये पाच छोट्या ढाली, प्रत्येक ढालीवर पाच ठिपके, भोवती किल्ल्यांची किनार. राजाच्या चिन्हातच किल्ले असणारं हे राज्य, त्यामुळे समुद्रापलीकडे पाऊल टाकलं की पहिली भिंतच उभी करणार. आमच्याकडच्या वेशीवर गणपती असतो, मारुती असतो. येणाऱ्याला तो आशीर्वाद देतो. इथलं चिन्ह आशीर्वाद देत नाही, मालकी सांगतं. दगडकाम उत्तम आहे, हे मान्य करूनच मी हे म्हणतो.

त्या मालकीला कारणही होतं. मार्च १५०८ मध्ये याच पाण्यात इजिप्तच्या मामलुकांचं आणि दीवच्या मलिक अयाजचं आरमार एकत्र आलं आणि पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द अल्मेदा मारला गेला. पुढं १५७० मध्ये मुर्तजा निजामशहानं रेवदंड्याला वेढा घातला, त्याच सुमारास अली आदिलशहा गोव्याला भिडला. सोलापूरच्या माणसाला ही दोन नावं परकी नाहीत. आमचा भुईकोट याच दोन घराण्यांत हातोहात फिरला. निजामशहाच्या घराण्यातल्या चांदबिबीच्या लग्नात हुंडा म्हणून तो आदिलशहाला दिला गेला. ज्या सोयरिकीत आमचा किल्ला आंदण गेला, तीच सोयरीक समुद्रकाठी परक्याला हाकलायला निघाली होती. जमलं नाही. १५७१ मध्ये तह झाला आणि पोर्तुगिजांनी तट आणखी भक्कम केला.

आता सातखणी. सगळं नगर एका वास्तूत वाचायचं तर हीच वाचावी. फ्रान्सिस्कन पंथाच्या चर्चचा हा चौकोनी मनोरा. चर्च पडलं, मनोरा उभा राहिला. वरचे मजले ढासळलेत, तरी नाव सातखणीच. सोलापूरकडं आम्ही घर खणात मोजतो. पाच खणांचं घर, सात खणांचा वाडा. खण म्हणजे दोन तुळयांमधलं अंतर, आडवं. इथल्या लोकांनी तोच खण उभा केला आणि परक्या धर्माच्या घंटाघराला आपल्या सुताराचं माप लावलं. पोर्तुगिजांनी त्याला संत बार्बाराचं नाव दिलं होतं, ते कागदात राहिलं. जिभेवर राहिली ती सातखणी. पायथ्याशी तोफा पडल्या आहेत. मुलं त्यांवर घोडा-घोडा खेळतात, आणि तोफेचा याहून चांगला उपयोग मला तरी ठाऊक नाही.

मनोऱ्याचं सौंदर्य त्याच्या रिकामेपणात आहे. मधले तक्तपोशीचे मजले गेले; आत उभं राहून वर पाहिलं की एकावर एक खिडक्या दिसतात आणि त्यांतून आकाशाचे चौकोन. माणूस चढायचा ते लाकूड कुजलं, वारा जायचा ती भोकं तशीच आहेत. बांधणाऱ्याला हे अपेक्षित नव्हतं. पण कलाकृतीत बांधणाऱ्याच्या मनातलं तेवढंच वाचायचं असं थोडंच आहे.

रेवदंड्यात रशियन प्रवासी अफानासी निकितीनचं स्मारक आहे. तो १४६९ च्या सुमारास, म्हणजे पोर्तुगिजांच्या कितीतरी आधी, चौलला उतरला. पुढं जुन्नर, बीदर करत त्यानं आळंदच्या जत्रेचंही वर्णन केलं. हे आळंद म्हणजे कलबुर्गीकडचं, आमच्या मैंदर्गीच्या शेजारचं. तिथला घोड्यांचा बाजार त्यानं पाहिला. तट नव्हता तेव्हा चौलची वाट थेट आमच्या काळ्या रानापर्यंत येत होती, हे स्मारकासमोर उभं राहिल्यावर एकदम जाणवलं.

चौलचं रेशीम एकेकाळी नावाजलेलं. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजांनी इथल्या विणकरांना मुंबईत नेऊन वसवलं. विणकर गेला की बाजार गेला, हे सोलापुरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. बंद गिरणीचं धुराडं आम्ही लहानपणापासून पाहतो. मुंबई वाढली, चौल ओसरलं. १७४० मध्ये पोर्तुगिजांनी रेवदंडा आणि समोरचा कोर्लईचा किल्ला मराठ्यांच्या हवाली केला.

पण गेले ते सगळे गेले नाहीत. खाडीपलीकडे कोर्लईच्या डोंगराच्या पायथ्याशी ख्रिस्ती वस्ती आहे. तिथं आजही हजारभर माणसं पोर्तुगीजातून जन्मलेली एक बोली बोलतात. तिला ते ‘नो लिंग’ म्हणतात, म्हणजे ‘आपली भाषा’. राज्यकर्ते निघून गेले. पोर्तुगीज कानावर पडेनाशी झाली आणि भोवती सगळी मराठी. तेव्हा शब्द पोर्तुगीज राहिले आणि वाक्याची घडी मराठी झाली, क्रियापद शेवटी आलं. क्लॅन्सी क्लेमेंट्स या भाषाशास्त्रज्ञानं तिच्यावर १९९६ मध्ये पुस्तकच लिहिलं. माझ्या दृष्टीनं रेवदंड्याच्या तटाचा सगळ्यात टिकाऊ चिरा हाच, आणि तो तटाच्या बाहेर आहे.

दरवाजाची फळी आता नाही, तिच्या बिजागऱ्या नाहीत, चावी तर कुणी कधीच घेऊन गेलं असेल. पण ‘चावी’ आणि ‘बिजागरी’ हे दोन्ही शब्द पोर्तुगीजच. ते मैंदर्गीतल्या आमच्या दाराला लागलेले आहेत, समुद्र शेकडो किलोमीटर लांब असून. आमच्याकडच्या दुधनीच्या बाजार समितीत तुरीचा ‘लिलाव’ होतो, गवंडी ‘घमेलं’ उचलतो, महिन्याचा ‘पगार’ होतो. तट ओलांडायला या शब्दांना कुणाची परवानगी लागली नाही.

कोर्लईत एका घरापुढं पाणी मागितलं. म्हातारीनं माझ्याशी स्वच्छ मराठीत चौकशी केली, कुठले, कसे आलात, जेवलात का. मग मान न वळवता आतल्या नातवाला काहीतरी सांगितलं, ते नो लिंगमध्ये. मध्ये श्वाससुद्धा घेतला नाही. सोलापूरच्या कापड दुकानात भाव करताना माझी आई अशीच दुकानदाराशी मराठीत बोलता बोलता मला कन्नडमध्ये सांगायची, घेऊ नको, महाग आहे.