तंत्रग्रंथाचे गद्य : अ‍ॅडम्स आणि क्नूथ

राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त वाङ्मयाचे शास्त्र आणि काव्य असे दोन भाग कल्पिले. मराठी समीक्षेने ललित आणि ललितेतर ही विभागणी रूढ केली, आणि तंत्रविषयक ग्रंथ दुसऱ्या भागाच्याही सीमेवर राहिले. उपकरण कालबाह्य झाले की त्याविषयीचा ग्रंथही संपतो, अशी त्यामागची समजूत आहे. ही समजूत तपासण्यासाठी दोन अमेरिकी ग्रंथकारांचे लेखन उपयुक्त ठरते. एक छायाचित्रकार आहे, दुसरा संगणकशास्त्रज्ञ.

अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स (1902–1984) यांची ‘द कॅमेरा’ (1980), ‘द निगेटिव्ह’ (1981) आणि ‘द प्रिंट’ (1983) ही ग्रंथत्रयी फिल्मच्या छायाचित्रणाविषयी आहे. तिच्यात उल्लेखिलेली पुष्कळ सामग्री आज बाजारात नाही. कोडॅकने तर 2005 मध्ये कृष्णधवल छपाईच्या कागदाचे उत्पादनच थांबवले. तरीही हे ग्रंथ वाचले जातात. याचे कारण त्यांच्या मध्यवर्ती संकल्पनेत आहे. फ्रेड आर्चर यांच्यासह 1939–40 च्या सुमारास अ‍ॅडम्स यांनी सिद्ध केलेली ‘झोन सिस्टिम’ काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांचे शून्य ते दहा असे अकरा भाग करते. समोरच्या दृश्यातील कोणती जागा कोणत्या छटेत उतरावी, हे छायाचित्रकाराने कळ दाबण्यापूर्वीच मनःचक्षूंनी पाहावे, अशी तिची अपेक्षा आहे. अ‍ॅडम्स वाचकाला आकडे देतात. परंतु त्या आकड्यांचा उपयोग कशासाठी करावयाचा, हे ठरविण्याची जबाबदारी त्याच्यावरच सोपवितात.

‘एक्झाम्पल्स’ (1983) या पुस्तकात ‘मूनराइज, हर्नांडेझ’ या 1941 मधील छायाचित्राची हकीकत येते. सूर्य मावळत होता आणि प्रकाशमापक सापडत नव्हता. चंद्राची तेजस्विता चौरस फुटाला 250 कँडल असते, हे अ‍ॅडम्स यांना आठवले. त्यावरून त्यांनी एक सेकंदाचे एक्सपोजर ठरविले. दुसरी फिल्म उघडेपर्यंत स्मशानभूमीतील पांढऱ्या क्रुसांवरचे ऊन सरले होते. निगेटिव्हमधील पुढील भूमी फिकी राहिल्याने पुढे 1948 मध्ये तिच्यावर रासायनिक प्रक्रिया करावी लागली. हेही निवेदक लपवीत नाही. निगेटिव्हवर तारखा नोंदविण्यातील स्वतःची हयगयही तो मान्य करतो. येथे तांत्रिक माहिती निवेदनाला चिकटविलेली नाही. चंद्राच्या तेजाचा आकडा हाच प्रसंगाचा कळसबिंदू आहे, आणि तो काढून टाकल्यास गोष्टच उरत नाही.

डोनाल्ड क्नूथ यांचे क्षेत्र वेगळे असले, तरी वाचकाविषयीची भूमिका याच जातीची आहे. आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते पसंत न पडल्याने त्यांनी 1977 मध्ये ‘टेक’ ही अक्षरजुळणीची प्रणाली रचण्यास घेतली. ‘द टेकबुक’ (1984) या तिच्या मार्गदर्शिकेच्या प्रास्ताविकात ते प्रांजळपणे सांगतात की हे पुस्तक प्रारंभी सोयीसाठी काही असत्ये सांगेल आणि पुढे ती दुरुस्त करील. शिकणाऱ्याची पायरी ओळखून सत्याची मात्रा ठरविणारा हा निवेदक तंत्रलेखनात विरळाच. त्याच वर्षी ‘लिटरेट प्रोग्रॅमिंग’ या निबंधात त्यांनी असे प्रतिपादिले की आज्ञावली यंत्रासाठी लिहिली जात असली, तरी तिची मांडणी मानवी वाचकाच्या आकलनक्रमाने व्हावी. ‘टेक : द प्रोग्रॅम’ (1986) या रूपाने संपूर्ण आज्ञावलीच त्यांनी वाचनीय ग्रंथ म्हणून छापली. पुस्तकातील चूक दाखविणाऱ्यास 2.56 डॉलरचा धनादेश देण्याची त्यांची 2008 पर्यंतची प्रथा म्हणजे वाचकाच्या दक्षतेला दिलेली मान्यताच होती.

या दोघांच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. प्रत्येक फिल्म स्वतंत्रपणे धुता येईल, हे अ‍ॅडम्स यांच्या पद्धतीचे गृहीतक मोठ्या कॅमेऱ्याच्या सुट्या फिल्मला लागू पडते. रोल फिल्म वापरणाऱ्याला तिचा लाभ अंशतःच होतो. शिवाय आकड्यांच्या मोहात पडून काही अनुयायांनी पद्धतीचे कर्मकांड केले. क्नूथ यांची आज्ञालेखनाची रीत सर्वत्र रुजली नाही, कारण ती रचनाकार आणि गद्यकार एकाच व्यक्तीत असण्याची अपेक्षा बाळगते. या मर्यादा त्या लेखनाच्या गुणांतूनच उद्भवतात. लेखकाचे व्यक्तित्व जितके ठसठशीत, तितके त्याचे अनुकरण अवघड.

आज बहुतेक मार्गदर्शिका निनावी असतात. कोणते बटण दाबावे हे त्या सांगतात. ते का दाबावे आणि केव्हा दाबू नये, याविषयी बहुधा मौन बाळगतात. असे गद्य वाचकाला आज्ञाधारक बनविते, आणि बटणाची जागा बदलताच तो पुन्हा अजाण ठरतो. अ‍ॅडम्स यांचा वाचक मात्र कागद बाजारातून गेल्यावरही प्रकाशाकडे पाहू शकतो. ज्या शास्त्रगद्यातून वाचकाच्या ठायी असा विवेक निर्माण होतो, त्याला साहित्यविचारात स्थान नाकारणे हे आपल्या वर्गीकरणाचेच उणेपण मानावे लागेल.