अजिंठ्याचा फोटो आणि हरवलेला लाल रंग

मंडळी, चोरखमाऱ्याहून नागझिऱ्याचं जंगल लागलीच सुरू होतं, म्हणून शिकाऱ्यापासूनच सुरुवात करतो. मेजर रॉबर्ट गिल. १८६४ साली लंडनमध्ये त्याच्या फोटोंची दोन पुस्तकं निघाली. एकात पश्चिम भारतातल्या वास्तू आणि वन्यप्राणी एकत्र. दुसऱ्यात लेण्यांचे ७४ फोटो. मजकूर जेम्स फर्ग्युसनचा.

तेव्हा काचेवर रसायन लावायचं आणि ते ओलं असतानाच फोटो घेऊन धुवायचा. प्रकाश बराच वेळ आत घ्यावा लागे. हललं ते पुसट झालं. जिवंत वाघ त्यात सापडणं कठीण, दगडी खांब मात्र सापडतो. कॅमेऱ्याला रिकामी, निश्चल जागाच मानवायची. त्या काळच्या अशा फोटोंत माणूस असलाच तर खांबाशी बसवलेला, उंचीचा अंदाज यावा म्हणून. आज ती अडचण नाही. तरी नागऱ्याच्या शिवमंदिराचा फोटो काढताना आपण दर्शनाला आलेल्यांना म्हणतोच ना, ‘जरा बाजूला व्हा’?

खरं म्हणजे गिल १८४४ मध्ये अजिंठ्याला नेमला गेला तो भित्तिचित्रांच्या रंगीत नकला करायला. कित्येक वर्षं त्यानं ते काम केलं. त्या नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या होत्या. १८६६ च्या आगीत बहुतेक जळाल्या. फोटो उरले. आणि ज्या चित्रांसाठी माणूस तिथं गेला, ती फोटोत नीट उमटणं शक्यच नव्हतं! आत अंधार, शिवाय ते रसायन निळ्या प्रकाशाला जागं आणि तांबड्या-पिवळ्याला जवळजवळ आंधळं. अजिंठ्याचा गेरू त्याला काळाच दिसणार.

इथं माझं फर्ग्युसनशी भांडण आहे. ग्रंथांपेक्षा दगडाचा पुरावा भरवशाचा, असं तो मानायचा आणि फोटो त्याच्या फार कामाचे होते. पण अजिंठ्यात कोरलेला खांब आणि रंगवलेली भिंत वेगळी नाही हो. खांबही रंगवलेले आहेत! फोटोनं रंग वगळला आणि उरलं त्याला आपण वास्तुकला म्हणायला लागलो.

गिलला मात्र एक श्रेय द्यायलाच हवं. त्यानं जोडचित्रं काढली: दोन डोळ्यांसाठी दोन, खास यंत्रातून पाहिली की खोली दिसते. लेण्यात खोली हेच तर सगळं! आपण आज पडद्यावर त्या जोडीतलं एकच पाहतो आणि म्हणतो, किती सपाट फोटो.