कंसातला तबला

एकत्र गाणे आणि एकाच वेळी गाणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे बऱ्याच मराठी घरांना २०२० च्या गणपतीत कळले. करोनामुळे जो तो आपापल्या घरी आणि आरती व्हिडिओ कॉलवर. पुण्याची मंडळी दुसऱ्या कडव्यावर, टोरांटोची अजून ध्रुवपदावर, आणि आम्ही सिडकोवाले मधेच कुठेतरी टाळ हातात धरून, 'आता कुणाबरोबर?' अशा चेहऱ्याने उभे. मंत्रपुष्पांजली दोन खंडांत मिळून तीनदा झाली. बाप्पाने ती सवडीने ऐकली असेल. त्याचे कान मोठे आहेत.

दोष गळ्यांचा नव्हता. सेकंदाच्या तिसाव्या-चाळिसाव्या भागाइतका उशीर वादक निभावून नेतात. तबलजी दहा मीटर लांब बसवला तर आवाजाला हवेतून यायला एवढाच वेळ लागतो. त्याहून लांब बसवला की लय ओढू लागते. आता संभाजीनगर ते टोरांटो बारा हजार किलोमीटरच्या वर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो, तरी सरळ आणि न थांबता आला तर त्याला या उशिराच्या दुप्पट वेळ लागणार. प्रत्यक्षात तो सरळही येत नाही आणि न थांबताही येत नाही. वर्षानुवर्षे नळाच्या पाण्याची वाट पाहिलेल्या या शहराला उशिराचे काय कौतुक? पण तीनतालाला तो चालत नाही.

टोरांटोची आमची भाची यावर तोडगा घेऊन आली. ती संगणकात काम करते. पण त्याआधी सहा वर्षे आमच्या शेजारच्या काकांकडे तबला शिकली. ती परदेशी गेली आणि काकांची जोडी मोडली. पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाबरोबर रोज संध्याकाळी तासभर ठेका धरायला कोण येणार? मी आहे, पण मला तीनताल आणि केरवा यांतला फरक कुणीतरी सांगितल्यावरच कळतो.

"मामा," भाची म्हणाली, "आवाज पाठवायचाच नाही. ओळ पाठवायची. काकांना घेऊन बसा तुम्ही रविवारी."

या प्रकाराला लाइव्ह कोडिंग म्हणतात. संगणकाला द्यायच्या सूचना श्रोत्यांसमोर लिहायच्या आणि वाजत असतानाच त्या बदलत जायच्या. २००४ साली हॅम्बुर्गमध्ये या पंथाची टॉपलॅप ही संघटना निघाली. तिचा आग्रहच असा, की तुमचा पडदा लोकांना दाखवा. अशा संगीतावर नाचायच्या कार्यक्रमाला अल्गोरेव्ह म्हणतात, आणि अल्गोरेव्ह इंडिया या नावाने आपल्याकडेही मंडळी जमतात. दुरून वाजवायचे तर फ्लॉकसारखी सोय आहे. एकच पान सगळ्यांपुढे उघडते, जो तो त्यावर लिहितो, आणि तारेतून जातात ती फक्त अक्षरे. वाजवतो तो ज्याच्या त्याच्या घरचा संगणक. ओळ क्षणभर उशिरा पोचली तरी तिथल्या तालात बसूनच वाजते. मैफल कुणाकडे जरा आधी, कुणाकडे जरा नंतर; बेताल मात्र कुणाकडेच नाही.

रविवारी सकाळी आम्ही बसलो. टोरांटोत शनिवारची रात्र होती, आणि तिसरा गडी बंगळूरुचा. पडद्यावर उमटले, 'बीडी'.

"बिडी?" काकांनी चष्मा सरसावला.

"बास ड्रम हो, काका!"

मग त्या बीडीपुढे एक फुली आणि दोनाचा आकडा आला, आणि ती तेवढ्याच वेळात दोनदा वाजली. "ही दुगुन," काका म्हणाले. चौकोनी कंसात जे घालाल ते सगळे एका मात्रेत मावते. आडवी रेघ म्हणजे गप्प बसणे. सगळा हिशेब सायकलचा, म्हणजे आवर्तनाचा. "याला आपल्याकडच्या कुणीतरी शिकवलंय," असा काकांनी निकाल दिला.

निकाल अगदीच हवेतला नव्हता. १९८० नंतरच्या दशकात जेम्स किपेन हे संशोधक लखनौ घराण्याच्या उस्ताद आफाक हुसेन खाँसाहेबांकडे तबल्याचा अभ्यास करीत होते. त्यांच्या कामासाठी बर्नार्ड बेल यांनी बोल प्रोसेसर नावाची संगणकप्रणाली रचली. नियम घालून दिले की यंत्र कायद्याचे पलटे तयार करी, आणि कुठला चालेल, कुठला चालणार नाही, हे उस्ताद सांगत. पुढे ॲलेक्स मॅक्लीन यांनी टायडलसायकल्स ही लाइव्ह कोडिंगची भाषा केली, तेव्हा तिच्या लिपीत बोल प्रोसेसरकडून उसनवारी झाली. आमच्यापुढची स्ट्रूडल ही तिचीच ब्राउझरमध्ये चालणारी धाकटी बहीण, जन्म २०२२. आणि हेच बेल पुढे महाराष्ट्रातल्या जात्यावरच्या ओव्यांच्या कामात आले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जमवलेल्या लाखाहून अधिक ओव्यांच्या त्या संग्रहात ध्वनिमुद्रणाची भर त्यांनी घातली.

आता गुणदोष. पहिला गुण उघडेपणाचा. आपल्या बैठकीत पुढची रांग मान हलवते आणि मागची रांग पुढचीकडे बघून हलवते. इथे कलावंताच्या डोक्यात काय चालले आहे ते लिहिलेलेच असते. दुसरा गुण मोकळेपणाचा. भाचीने लिहिलेली ओळ बंगळूरुच्या मुलाने अर्धी पुसली. तबल्याच्या बैठकीत याबद्दल हातोडी बसली असती. भाचीने दोन तिरक्या रेघा मारून पुढे 'वा!' लिहिले. त्या रेघांपुढचे संगणक वाचत नाही. म्हणजे दाद द्यायची सोय आहे, आणि ती फक्त माणसांसाठी आहे.

दोष मात्र मोठे आहेत. संगणक समेवर चुकत नाही. जो चुकूच शकत नाही त्याच्या समेवर मान कशी डोलावी? कंस विसरलात तर तो कुरकुर करतो आणि आधीचा ठेका तसाच चालवतो. तबल्याचे आवाज तिथे आकड्यांनी मागवायचे, आणि एका आकड्याचा आवाज प्रत्येक वेळी तोच. काका ऐकून म्हणाले, "हा धा कुणाचाच नाही." तिसरा दोष मला ओव्यांवरून सुचला. जात्याला दोघी समोरासमोर बसतात, खुंटा एकच. एकीचा हात ढिला पडला की दुसरीला तो तिथेच कळतो. मग ती जोर लावते, नाहीतर ओवी लांबवते. हे सामायिक पानसुद्धा एका खुंट्यासारखेच. पण समोरचीचा हात थकला, हे त्यातून कळत नाही.

शेवटी काकांनी एक साधा कायदा सांगितला आणि मी तो एका बोटाने टंकला. दोन आवर्तने झाली. तिसऱ्यात एका धाच्या जागी आडवी रेघ आली. भाचीने काहीच लिहिले नाही, नुसता एक बोल काढून घेतला. काकांचा गुडघ्यावरचा हात वरच राहिला.

"ती जागा मी शिकवलेली आहे," ते म्हणाले. "दहा वर्षांची होती. नुसती घाई करायची. तिला म्हटलं होतं, इथं हात उचल आणि थांब."

तेव्हा माझे मत असे, की हे संगीत अजून कच्चे आहे, पण हा पत्रव्यवहार उत्तम आहे; आणि पत्रापेक्षा हे दोघे इतक्या जवळ गेल्या कित्येक वर्षांत आले नव्हते. काकांचे मत त्यांनी दुसऱ्या दिवशी कुंपणावरून सांगितले.

"पुढच्या रविवारी बसू. फक्त तिला सांगा, लय उतरव म्हणावं. दुसऱ्याचं ऐकायला वेळ मिळाला पाहिजे."