एका उपेक्षित रॉक-गीताची पत्रशैली

इंग्लंडमधील ‘द झाँबीज’ या वृंदाच्या ‘ओडेसी अँड ओरॅकल’ (१९६८) या ध्वनिमुद्रिकेतील ‘टाइम ऑफ द सीझन’ हे गीत १९६९ साली अमेरिकेत लोकप्रिय झाले आणि नभोवाणीवर त्या वृंदाची ओळख होऊन बसले. याच मुद्रिकेच्या आरंभीचे, रॉड आर्जंटरचित ‘केअर ऑफ सेल ४४’ मात्र १९६७ साली स्वतंत्रपणे निघूनही उपेक्षित राहिले. गुणदृष्ट्या हा न्याय नव्हे.

हे गीत म्हणजे तुरुंगातील प्रिय व्यक्तीस लिहिलेले पत्र होय. प्रथम नित्याचे अभिवादन व कुशलप्रश्न. मग सुटकेच्या दिवसांची गणना. ‘तुरुंग’ हा शब्द त्याहूनही उशिरा. पुढे आणावयास जाण्यासाठी साठविलेल्या रेल्वेभाड्याचा उल्लेख येतो. उत्तर मात्र श्रोत्यास कधीच ऐकू येत नाही. त्यामुळे चाल उल्हसित असूनही, हा आनंद उभयतांचा की केवळ लिहिणाऱ्याचा, असा संशय उरतो. कोठडीचा पत्ता शीर्षकात आहे, गीतात नाही. तेव्हा निवेदकाने नाव उच्चारल्यावाचून गीताचा अर्थ पुरा होत नाही. चार मिनिटांहून अल्प अवधीच्या या गीतास नभोवाणीइतके योग्य स्थान दुसरे नाही.