कापूस वेचणीचे हातयंत्र नेमके काय वाचवते?

दिवाळीच्या आगेमागे विदर्भात कापसाची पहिली वेचणी सुरू होते. त्यानंतर भरणाऱ्या कृषी प्रदर्शनांत एक छोटे यंत्र हमखास मांडलेले असते. हातात धरायची मूठ, तोंडाशी फिरणाऱ्या दोन दातेरी साखळ्या किंवा रूळ, मागे पिशवी आणि कमरेला किंवा पाठीवर बॅटरी. तोंड फुटलेल्या बोंडाजवळ नेले की दाते कापूस ओढून घेतात आणि पिशवीत टाकतात. शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांतही याची घरगुती प्रतिकृती आम्ही परीक्षक म्हणून पाहिली आहे. विद्यार्थ्यांचे कौतुक करावे तेवढे थोडेच. पण यंत्राबरोबर जो दावा येतो, एक यंत्र अनेक मजुरांचे काम करते हा, तो तपासल्याशिवाय पुढे जाऊ देणे आम्हाला पटत नाही. ही तपासणी आठवीच्या गणितात बसते.

एक बाई दिवसाला साधारण २० किलो कापूस वेचते असे धरू. सराईत बाई भरघोस शेतात याहून पुष्कळ जास्त वेचते, शेवटच्या विरळ वेचणीत कमी. एका बोंडात सुमारे ४ ग्रॅम कापूस (सरकीसह) निघतो. म्हणजे दिवसाला ५,००० बोंडे. आठ तासांचे सेकंद होतात २८,८००. भागाकार केला तर एका बोंडाला पावणेसहा सेकंद मिळतात. त्यातच तासातून पुढे सरकणे, वाकणे, पऱ्हाटीची फांदी बाजूला करणे, फुटलेले बोंड हेरणे आणि भरलेली ओटी बांधावर नेऊन रिकामी करणे आले.

आता प्रश्न असा, की यातले कोणते काम यंत्र करते? फक्त एकच: कापूस बोंडातून ओढण्याचे. त्या ओढण्याला किती ऊर्जा लागते? बोंड ५ सेंटिमीटर अंतरापर्यंत एक न्यूटन बलाने ओढावे लागते असे मानू. एका बोंडाला ०.०५ ज्यूल, ५,००० बोंडांना २५० ज्यूल. हा आकडा किती लहान आहे पाहा. २० किलोचे गाठोडे जमिनीवरून सव्वा मीटर उचलायला जवळजवळ तेवढीच, २४५ ज्यूल ऊर्जा लागते. म्हणजे संध्याकाळी गाठोडे एकदा उचलण्यात जेवढे यांत्रिक कार्य होते, तेवढेच दिवसभराच्या ओढण्यात झाले! आमचा बलाचा अंदाज चुकला असे समजून तो दहापट केला, तरी गाठोडे दहा वेळा उचलण्यापलीकडे हिशेब जात नाही. वेचणारी बाई थकते ती उन्हाने, दिवसभर वाकण्याने, कमरेला लोंबणाऱ्या ओटीच्या ओझ्याने. जिथे ऊर्जेची टंचाई नव्हतीच, तिथे बॅटरी ऊर्जा पुरवते.

वेळेचेही तसेच. पावणेसहा सेकंदांपैकी ओढण्यात एक सेकंद जातो असे धरा आणि यंत्र ते काम क्षणात उरकते असेही मान्य करा. उरले पावणेपाच सेकंद. म्हणजे काम फार तर एकपंचमांशाने वाढेल; अनेक पटींचे नाव नको. शिवाय बाई दोन्ही हातांनी वेचते. डाव्या हाताने एक बोंड मोकळे होते तोवर उजवा हात दुसऱ्यापर्यंत पोहोचलेला असतो. यंत्राने एक हात अडकवला, की हा नफाही तोट्यात जाऊ शकतो.

यंत्राचे वजन अर्धा ते पाऊण किलो, म्हणून ते ‘हलके’ म्हटले जाते. हाही शब्द मोजून पाहावा. पन्नास किलो वजनाच्या व्यक्तीचा हात सुमारे अडीच किलोचा असतो आणि त्याचा गुरुत्वमध्य खांद्यापासून पाऊण फुटाहून थोडा दूर. हात आडवा धरला की खांद्यावर साडेसहा न्यूटन-मीटरच्या आसपास आघूर्ण येते. तळहाताशी, खांद्यापासून अर्ध्या मीटरवर, ०.७ किलोचे यंत्र धरले की त्यात आणखी साडेतीनची भर पडते. म्हणजे खांद्यावरचा भार निम्म्याने वाढला. पाच मिनिटांच्या प्रात्यक्षिकात हे कोणाला जाणवत नाही. ५,००० बोंडांत जाणवेल.

आणखी एक गोष्ट बोटे करतात, पण तिची गणना कोणी करत नाही: निवड. अर्धवट फुटलेले बोंड सोडायचे, किडका, पिवळट कवडी कापूस वेगळा ठेवायचा, बोंडाला बिलगलेली वाळकी पाने टाळायची. सकाळच्या थंड, ओलसर हवेत वेचणी करावी असा सल्ला कृषितज्ज्ञ देतात, कारण त्या वेळी ही पाने थोडी लवचीक असतात. ऊन चढले की ती कुरकुरीत होऊन चुरतात आणि चुरा तंतूंत अडकतो. फिरत्या दात्यांना पान आणि कापूस यांतला फरक कळत नाही. जिनिंगमध्ये कचरा दिसला की भाव घसरतो.

मग चहाच्या मळ्यात अशीच हातयंत्रे कशी चालतात, असे कोणी विचारील. निलगिरीत आणि आसामात ती वापरात आहेत, बॅटरीवर चालणारीही आहेत. याचे उत्तर यंत्रात सापडणार नाही, ते झुडपात आहे. चहाचे झुडूप वर्षानुवर्षे छाटून वरून टेबलासारखे सपाट राखतात. नवे कोंब त्या एका पातळीवर येतात आणि पाते एकदा फिरले की कितीतरी कोंब एकदम कापले जातात. इथे एका हालचालीचे खरोखर अनेक पट काम होते. किंमत तिथेही मोजावी लागते: दोन पाने आणि एक कळी एवढेच खुडण्याची निवड पात्याला जमत नाही, जून पाने आणि देठ सोबत येतात. पण आपल्याकडची पऱ्हाटी कमरेइतकी किंवा त्याहून उंच, फांद्या चहूकडे, बोंडे वर-खाली विखुरलेली, आणि ती फुटतात दोन-तीन महिन्यांच्या काळात थोडी थोडी. एका वेळी एकच बोंड घेणारे यंत्र अशा झाडावर बोटांची नक्कल करते, आणि नक्कल मुळापेक्षा बोजड आहे.

अमेरिकेचा इतिहास हेच सांगतो. जॉन आणि मॅक रस्ट या भावांनी फिरत्या ओल्या चात्यांचे वेचणीयंत्र १९३६ मध्ये मिसिसिपीतील स्टोनव्हिल येथे जाहीरपणे चालवून दाखवले. चाती ओली ठेवण्याची कल्पना जॉनला आजीच्या चरख्यावरून सुचली म्हणतात. तरी तिथली वेचणी जवळजवळ पूर्ण यांत्रिक व्हायला १९६० चे दशक संपत आले. दरम्यान पीक, तणनियंत्रण, पाने गाळणारी रसायने आणि जिनिंगमधली सफाई, सगळेच बदलावे लागले. बेकार होणाऱ्या मजुरांची चिंता खुद्द रस्ट बंधूंना होती, हेही सांगितले पाहिजे.

शेतकऱ्याची अडचण खोटी आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. ऐन हंगामात वेचायला माणसे मिळत नाहीत, बाहेरगावाहून गाडी करून आणावी लागतात, आणि वेचणीचा खर्च पिकाच्या उत्पन्नाचा मोठा वाटा खातो. पण त्यावरचा उपाय झाडापासून सुरू होतो. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था (स्थापना १९७६) त्याच दिशेने काम करते: बुटके, आटोपशीर, लवकर आणि एकदम फुटणारे वाण आणि ९० बाय १५ सेंटिमीटर अशी अतिघन लागवड. २०२३ पासून अनेक राज्यांत शेतकऱ्यांच्या शेतांवर तिचे प्रयोग चालू आहेत. पीक लवकर उरकले तर गुलाबी बोंडअळीला फरदडीचा आसराही मिळत नाही. असे झाड सर्वत्र आले, तर कोणते यंत्र लागेल याचा विचार नव्याने करता येईल. ज्यांची बोटे टरफलाच्या टोकांनी सोलवटतात, त्यांना आजचे हातयंत्रही शेवटच्या वेचणीत उपयोगी पडू शकेल. तेवढ्यापुरते ते जरूर विकावे.

शाळेच्या आसपास कापूस असेल तर ही तपासणी मुलांकडून करून घेता येईल. एकाच शेतात सारखे दोन पट्टे आखावेत. एकीत हाताने, दुसरीत यंत्राने, त्याच बाईने, पूर्ण दिवस वेचणी करावी. दुसऱ्या दिवशी नव्या पट्ट्यांत क्रम उलटा करावा. वजन, बॅटरी बदलण्यात गेलेला वेळ आणि प्रत्येक ढिगातल्या १०० ग्रॅम कापसातून निवडलेला कचरा नोंदवावा. त्या दिवसांची मजुरी बाईला नेहमीच्या दराने पूर्ण मिळेल याची व्यवस्था आधीच करावी, कारण तिला मजुरी किलोवर मिळते आणि प्रयोग आपला आहे. वहीत शेवटचा एक रकाना तिच्यासाठी ठेवावा: खांदा दुखला का, कंबर दुखली का, आणि उद्या यापैकी काय हातात घ्याल?