हॉलंडमध्ये उतरल्यावर

विकासात मागे पडलेल्या बालकाच्या आईवडिलांच्या हाती अनेक देशांत एक छोटासा लेख ठेवला जातो. एमिली पर्ल किंग्जली या अमेरिकन लेखिकेने १९८७ साली लिहिलेल्या ‘वेलकम टू हॉलंड’ या लेखाचे कल्पनासूत्र अगदी साधे आहे. इटलीच्या सहलीची जय्यत तयारी करावी, आणि विमान उतरावे हॉलंडमध्ये! मग नवी मार्गदर्शिका घ्यायची, नवी भाषा शिकायची. हळूहळू तिथल्या पवनचक्क्या नि ट्युलिपची फुले दिसू लागतात. लेखिकेचा मुलगा जेसन १९७४ साली डाउन सिंड्रोम घेऊन जन्मला. त्याला संस्थेत ठेवावे, हा डॉक्टरांचा सल्ला तिने मानला नाही.

या लेखाचे मोल कळण्यासाठी त्याआधीची दोन पुस्तके आठवावी लागतात. पर्ल बक यांच्या ‘द चाइल्ड हू नेव्हर ग्र्यू’ (१९५०) या पुस्तकात मातेची वेदना निर्भयपणे बोलते. पण तिची वाट अखेर निवासी संस्थेच्या दाराशी थांबते. डेल इव्हान्स यांच्या ‘एंजल अनअवेअर’ (१९५३) मध्ये दोन वर्षांची होण्याआधीच निवर्तलेली त्यांची कन्या रॉबिन स्वर्गातून बोलते. ती परमेश्वराने धाडलेली दूत ठरते. आम्हा श्रद्धावंतांना हे दुसरे पुस्तक अधिक जवळचे वाटेल. परंतु देवदूताला मान सावरायला, बसायला, बोलायला शिकवावे लागत नाही. बालकाला शिकवावे लागते. किंग्जलीबाई आपल्या मुलाला ना शाप ठरवतात, ना देवदूत. हरपलेल्या स्वप्नाचे दुःख पुरते कधीच सरत नाही, हेही त्या लपवीत नाहीत. हा या लेखाचा प्रामाणिकपणा.

तरीही त्यात दोन उणिवा जाणवतात. पहिली अशी की, या रूपकात बालक कुठेच नाही. तो देश बनला आहे, माणूस नव्हे. ही उणीव पुढे जेसननेच भरून काढली. मिचेल लेव्हिट्झ या मित्रासह लिहिलेल्या ‘काउंट अस इन’ (१९९४) या पुस्तकात तो स्वतः बोलतो.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. नवी भाषा शिका, असे लेख सांगतो. पण शिकवणार कोण? हॉलंडच्या धक्क्यावर कुणी उभे असेल तरच तो परका मुलूख आपला होतो. लेखाच्या आदल्याच वर्षी, १९८६ साली, अमेरिकेत एक कायदा झाला. त्याने जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या अशा बालकांसाठी सेवांची चौकट उभी केली. त्यातील आराखडा केवळ बालकाचा नसतो, संपूर्ण कुटुंबाचा असतो. मेंदू झपाट्याने घडत असतो ती हीच वर्षे. लेखातला दिलासा या आधारावाचून अपुरा आहे.

आपल्या वाचकांना हा विषय दूरचा वाटू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथेच झाला. अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा तपासणी आणि जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत पुढील उपचार, अशी ही योजना आहे. विकासातील विलंब तिच्या कक्षेत येतो. मात्र ‘बोलेल उशिरा, घराण्यातच आहे’ असे म्हणत आपण पहिली दोन-तीन वर्षे घालवतो, आणि मूल लोकांच्या नजरेस पडू नये म्हणून आई रविवारच्या मिस्सेलाही येईनाशी होते.

जन्मांध मनुष्याला पाहून शिष्यांनी प्रभूला विचारले होते की, पाप याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने दोन्ही नाकारले आणि तो त्या माणसासाठी कामाला लागला. आपल्या धर्मग्रामात हा लेख जरूर वाचला जावा. आणि वाचून झाल्यावर त्या आईसोबत केंद्रापर्यंत कुणीतरी चालत जावे.