तीन दिवसांत ईएस सेल कल्चर शिकता येतं का?

"मानवी ईएस सेल्सची कार्यशाळा आहे, जाऊ का?" असं गावाकडची एम.एस्सी.ची मुलं मला अधूनमधून विचारतात. जरूर जा. पण तिथं काय शिकायला मिळत नाही, तेही माहीत असू द्या.

मी केलेली कार्यशाळा तीन दिवसांची होती. पहिल्या दिवशी व्याख्यानं आणि गोठवलेल्या पेशी वितळवणं, दुसऱ्या दिवशी पॅसेज, तिसऱ्या दिवशी ऑक्ट4 आणि नॅनॉगचं स्टेनिंग, संध्याकाळी प्रमाणपत्र. शिकवणारे मनापासून शिकवत होते. गडबड वेळापत्रकातच आहे. या पेशींचा पॅसेज साधारण चार ते सात दिवसांनी करावा लागतो. म्हणजे आम्ही वितळवलेल्या पेशी आमच्या हातून पुढे गेल्याच नाहीत. पॅसेजसाठी आयत्या वाढवलेल्या प्लेट मिळाल्या. आपली चूक पाचव्या दिवशी कशी दिसते, हे कुणालाच कळलं नाही.

त्यात आयतं रसायनही असतं. मानवी ईएस पेशी एकेकट्या सुट्या केल्या की बहुतेक मरतात. 2007 मध्ये जपानमधल्या योशिकी सासाई यांच्या गटानं दाखवलं, की रॉक इनहिबिटर घातल्यावर सुट्या पेशींपासून कॉलनी बनण्याचं प्रमाण सुमारे 1 टक्क्यावरून 27 टक्क्यांवर जातं. उपयोगी गोष्ट आहे, पण तिच्यामुळे कच्चा हातही झाकला जातो.

हाताइतकाच डोळा तयार व्हावा लागतो. येलदरीला आमच्या रानात नवीन माणूस खुरपायला आला, की आई पहिलं तास त्याच्या बरोबरीनं खुरपते. खुरपं धरता सगळ्यांनाच येतं; पीक आणि तण यातला फरक नजरेत बसायला वेळ लागतो. इथं तर तणच जोमदार दिसतं. 2011 मध्ये जगभरातल्या 38 प्रयोगशाळांतल्या 125 ईएस सेल लाइन तपासल्या गेल्या. त्यातल्या 20 टक्क्यांहून जास्त लाइनमध्ये 20व्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा जास्तीचा आढळला. त्या तुकड्यात पेशीला मरणापासून वाचवणारं जनुक आहे. म्हणून बिघडलेल्या पेशी भराभर वाढतात, आणि विद्यार्थ्याला वाटतं की आपलं कल्चर सुधारलं! नेहमीच्या कॅरिओटाइपमधूनही हा तुकडा निसटू शकतो.

दुसरी उणीव नीतिशास्त्राची. त्याला एक तास, तोही जेवणानंतरचा. 14 दिवसांपुढे भ्रूण वाढवायचा नाही, हा नियम सगळ्यांना पाठ होतो. पण आपल्या प्लेटमधली लाइन आली कुठून? मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत 'काइंड-1' आणि 'काइंड-2' या दोन लाइन तयार झाल्या; 2009 मध्ये त्यांवरचा शोधनिबंध आला. लेखकांत डॉ. इंदिरा हिंदुजा आहेत, ज्यांच्या प्रयत्नांतून 1986 मध्ये केईएममध्ये टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. हा योगायोग नव्हे. आयव्हीएफनंतर उरलेला भ्रूण एखादं जोडपं संमती देऊन, पैसे न घेता देतं, तेव्हा अशी लाइन सुरू होते. 1998 मध्ये जेम्स थॉमसन यांना 14 भ्रूणांच्या आतल्या पेशीपुंजांतून पाचच लाइन मिळाल्या होत्या. हे ठाऊक असलेला विद्यार्थी मीडियम बदलायला सहसा विसरत नाही.

अशी प्रशिक्षणं बंद करावीत असं माझं म्हणणं नाही. मीडियम महाग, जागा कमी, हे मान्य. पण त्यांना 'ओळख' म्हणा, 'प्रशिक्षण' नको. प्रशिक्षण म्हणजे किमान दोन-तीन महिने: एकच व्हायल वितळवून ती दहा पॅसेज सांभाळायची, रोज फोटो काढायचे, शेवटी जनुकीय तपासणी करायची आणि बिघडली असेल तर स्वतःच्या हातानं टाकून द्यायची.

म्हणून लॅब निवडताना प्रमाणपत्राची चौकशी नंतर करा. आधी तिथल्या सीनियरला विचारा: "दादा, तुम्ही शेवटची प्लेट कधी टाकून दिली, आणि का?" उत्तर सविस्तर मिळालं, तर तिथं शिकायला मिळेल.